तेलात मुरवलेले बुश

मोटारीत बसायचं तर मागे टेकून, खिडकीबाहेर बघत, मजेत बसावं असं माझं आजही मत आहे. माझ्या नशिबी मात्र वेगळंच बसणं आलं. पुढच्या सीटवर वाकून, मान तिरकी करून, पायाखालचा आवाज ऐकत मी इंदूरचे रस्ते पालथे घातले. गाडी दुसऱ्या कोणाची तरी, चालवणारे आमचे हे, आणि शेजारी मी. खड्ड्यात चाक गेलं आणि पुढून 'टक' वाजलं की मी यांच्या मनगटावर टिचकी मारायचे. मागून वाजलं तर दंडावर. डावीकडचं असेल तर एकदा, उजवीकडचं असेल तर दोनदा. गिऱ्हाईक मागे बसलेलं असायचं आणि त्याला वाटायचं, मिस्तरीची बायको भारी लाडिक दिसते.

लाड कसले आलेत! यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता.

हे मिलमध्ये साचाखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, आणि जॉबर म्हणजे आपल्या वाट्याचे साचे नीट चालते ठेवणारा माणूस. शेकडो साचे एका छपराखाली दिवसभर धडधडत. तिथे उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. आमच्या वस्तीत त्याचं कोणाला काही वाटत नसे, कारण घरोघरी तीच कथा. सगळे मोठ्याने बोलत, हातवारे करत, एकमेकांच्या ओठांकडे बघून समजून घेत. कुजबुज हा प्रकारच आमच्याकडे नव्हता. नवराबायकोचं भांडणसुद्धा चार घरं ऐकत. पण वस्तीबाहेर ही गोष्ट लपवावी लागली. गाडीतली खडखड ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार?

मिलमधून हे गाड्यांकडे कसे वळले ते सांगायला हवं. मिल बंद पडली, असं आमच्याकडे कोणी म्हणतच नव्हतं. 'अभी बंद है' म्हणायचे. आधी एक पाळी गेली, मग सुताचा तुटवडा म्हणाले, मग वीज कापली म्हणाले, आणि एक दिवस सकाळी भोंगा झालाच नाही. तरी पुरुषमाणसं डबा घेऊन फाटकाशी जात राहिली. आमचे हेही जायचे. तिथे झाडाखाली दिवसभर बसायचं, कोणी पुढारी येऊन काहीबाही सांगून जायचा ते ऐकायचं, आणि डबा खाऊन परत यायचं. घरी आल्यावर मी विचारायचे, काय झालं? हे म्हणायचे, "होईल." त्या एका शब्दावर आम्ही बरेच महिने काढले. मी दुपारी बायकांची पोलकी शिवायचे, त्यावर चूल पेटत होती.

शेवटी आमच्या शेजाऱ्याने यांना फाटकावरून उठवलं. तो माळव्यातल्या खेड्यातून आलेला, स्टेशनवर जुनी अ‍ॅम्बॅसिडर टॅक्सी चालवायचा. एका सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाला, "जॉबर भिया, गाड़ी पीछे से ऐसी बज रई है के सवारी उतर के पैदल जाने की बोलती है. आप तो मसीन के आदमी हो, जरा देख लो." हे अंगात बनियन, तसेच गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा तोंड काळं झालं होतं आणि त्यावर हसू होतं. कित्येक दिवसांनी मी ते बघत होते. म्हणाले, "यात काय आहे! बुश गेलेत. आपल्या साच्यालाही बुशच असतात."

बुश म्हणजे तशी फार मोठी चीज नाही. आत एक लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर, आणि वर पुन्हा पातळ लोखंडी कवच. जुन्या गाडीचा भार मागे पोलादी पाट्यांवर असतो, पुढे आर्मवर, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्यावर. ते जिथे जिथे सांध्यात हलतात तिथे लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून मध्ये हे रबर. दोन हट्टी माणसांच्या घरात मधलं माणूस जे करतं, तेच काम. रबर झिजलं की घरातली भांडणं रस्त्यावर ऐकू येतात.

काम कळलं, पण ते करायचं कसं ते यांचं यांनाच शोधावं लागलं. जुना बुश वर्षानुवर्षं पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, गंजून बसलेला असतो, हाताने निघत नाही. हे पंपाची बत्ती पेटवून आधी रबर जाळायचे. त्याचा वास काय वर्णावा! माझ्या शिवायच्या कापडांना तो चिकटायचा आणि बायका पोलकं नाकाशी धरून माझ्याकडे बघायच्या. रबर जळून आतली नळी गळून पडली की मागे फक्त कवच उरायचं. मग करवतीचं पातं फ्रेममधून सोडवून त्या डोळ्यातून ओवायचं, फ्रेमला पुन्हा जोडायचं आणि कवच आतल्या बाजूने चिरायचं. बेताने. जास्त गेलं तर पाट्याच्या डोळ्यालाच चीर पडते. हे मध्येच थांबून आत बोट फिरवायचे, डोळे मिटून. मग बारीक छिन्नीने कवचाची कड आत दुमडली की ते वाळल्या सालीसारखं सुटून यायचं.

नवा बुश बसवायला स्टेशनजवळचे मिस्तरी घण घालत. यांना ते बघवत नसे. "ठोकून बसवलं की तिरपं बसतं," म्हणायचे. मिलच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या एका खरादीवाल्याकडून, तोही घरीच बसलेला होता, यांनी आटे पाडलेला एक लांब रॉड करून घेतला. दोन जाड नट, मोठमोठे वायसर आणि वेगवेगळ्या मापांचे पाइपचे तुकडे. रॉड डोळ्यातून आरपार घालायचा, एका टोकाला नवा बुश, दुसऱ्या टोकाला पाइपचा तुकडा, आणि नट आवळत जायचं. बुश सरळ रेषेत, आवाज न करता, आत ओढला जायचा. मी शिवण बाजूला ठेवून बघत बसायचे. सुईत दोरा जावा तसं ते जायचं. स्नेहलतागंजातल्या ज्या दुकानातून हे सामान आणत, तिथल्या शेटजींनी साबणाचं पाणी लावायला सांगितलं होतं. ते हे लावायचे, पण नाक मुरडून. साबणाचं पाणी म्हणजे यांच्या लेखी बायकांच्या कामातली वस्तू.

एक गोष्ट मात्र यांची स्वतःची होती. पहिल्या टॅक्सीचे बुश फार लवकर फाटले. हे दिवसभर गाडीखाली पडून विचार करत राहिले आणि शेवटी उमगलं. गाडी जॅकवर असताना पाटे लोंबकळतात. तेव्हाच बोल्ट आवळले, की गाडी खाली आल्यावर रबर पिळून जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. म्हणून बोल्ट हाताने नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, तिच्यावर भार घालायचा आणि मग शेवटचं आवळायचं. आता भार आणायचा कुठून? आमच्या वस्तीत भाराला काय तोटा! हे नुसतं ओरडायचे, "भार द्यायला कोण येतंय?" की चारपाच बेकार माणसं चपला काढून गाडीत जाऊन बसायची. न हलणाऱ्या गाडीत, गुडघ्यांवर हात ठेवून, लग्नाला निघाल्यासारखी. खाली हे पाना फिरवत, वर यांचे दोस्त मिल कधी सुरू होणार यावर वाद घालत. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसायचो. त्या माणसांना अख्ख्या दिवसात कोणी बोलावलेलं ते तेवढंच असायचं.

काम जमलं. एकीच्या चार टॅक्सी झाल्या. स्टँडवरचे लोक म्हणू लागले, "नीचे से बज री है तो जॉबरसाब को दिखा दो." मिल नसली तरी जॉबर हा शब्द परत आला होता आणि यांना तो पगारापेक्षा प्यारा होता. हे सकाळी पुन्हा दाढी करून बाहेर पडू लागले. चाचणीला मला घेऊन जाणं तेव्हाच सुरू झालं. ते आम्ही ठरवून केलं नाही. एकदा मी सहज शेजारी बसले होते आणि मागून खडखड ऐकली म्हणून यांच्या दंडाला हात लावला, तेव्हापासून ती रीत पडली. माझे कान यांनी उसने घेतले आणि त्याचं यांना काही वाटलं नाही. कान गेले तरी हात होते ना. यांचा सगळा भरवसा त्या हातांवर होता.

आणि त्या हातांनीच घात केला.

साच्याला पिकर नावाचा एक भाग असतो. म्हशीच्या जाड कातड्याचा असतो तो. सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला दणका देऊन या टोकाकडून त्या टोकाला धाडायचं काम त्याचं. नवा पिकर तसाच लावला तर आठवड्यात चिंध्या होतात. म्हणून जॉबर लोक नवे पिकर तेलाच्या डब्यात बुडवून महिनोन् महिने मुरवत ठेवत, अगदी लोणचं मुरवावं तसे. चांगला मुरलेला पिकर कोणाकडे आहे यावरून जॉबरची किंमत व्हायची. यांच्या हातचे पिकर सगळ्या खात्यात सर्वांत जास्त टिकायचे. हे मी यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

टॅक्सीचे बुश वर्षभरात जातात हे यांना खुपायचं. आणि एक दिवस यांच्या डोक्यात आलं, की हे गाडीवाले कच्चा माल बसवतात. मुरवतच नाहीत! यांनी दुकानातून नव्या बुशांचा साठा आणला, एका डब्यात तेल भरलं आणि सगळे आत सोडून झाकण लावलं. माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी तो डबा कित्येक महिने होता. अधूनमधून झाकण उघडून हे एखादा बुश बाहेर काढायचे, पुसायचे, दाबून बघायचे. रबर काळंभोर, चकचकीत, थोडं फुगीर झालं होतं. मला दाखवून म्हणायचे, "बघ, कसं पिऊन बसलंय."

त्याच सुमारास तुकोगंजातल्या, बंगलेवाल्यांच्या भागातल्या, एक डॉक्टरबाई आल्या. आपल्याच मराठी, वयस्क, दवाखाना आता थोडाच वेळ उघडत. गाडी त्यांच्या यजमानांची, ते वारल्यावरही त्यांनी विकली नव्हती. म्हणाल्या, "जॉबरजी, सगळे सांगतात की नवीन घ्या, आता तर किती छान छान गाड्या निघाल्या आहेत. पण मला हीच पाहिजे. हिचा आवाज तेवढा बंद करून द्या, बस. माझ्या ओळखीत अजून दोघातिघांकडे जुन्या गाड्या आहेत, त्यांनाही तुमच्याकडेच पाठवते."

टॅक्सीवाल्यांनी जॉबरसाब म्हणणं वेगळं आणि तुकोगंजातून गाडी दारात येणं वेगळं. ते काम साधलं तर हे रस्त्याकडेचे मिस्तरी राहणार नव्हते. शेड घ्यायची, पाटी लावायची, असं आमचं बोलणं झालं. फाटकाशी जायची गरज मग कधीच पडली नसती. म्हणून यांनी त्या गाडीला आपल्याकडचं सर्वांत चांगलं द्यायचं ठरवलं. डब्यातले मुरलेले बुश काढले. त्या दिवशी भार द्यायला माणसं बसली तेव्हा यांनी त्यांना आधी पाय धुऊन यायला लावलं.

चाचणीला आम्ही शहराबाहेर राऊपर्यंत गेलो. तेव्हा तिकडे दोन्ही बाजूंना शेतं होती आणि रस्ता म्हणाल तर नावापुरता. मी सवयीने वाकून बसले. एक खड्डा गेला, दुसरा गेला. काही नाही. यांचं लक्ष माझ्या हाताकडे. मी हात मांडीवरच ठेवला होता. पुढे मी चक्क मागे टेकले आणि खिडकीतून गव्हाची शेतं बघितली. राऊला चहा घेताना यांनी भुवया उडवून विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि हे इतक्या मोठ्याने हसले, की चहावाल्याने दचकून वळून बघितलं. आमच्या संसारातला तो सर्वांत चांगला दिवस होता, असं मी आजही म्हणेन. परतताना हे म्हणाले, "मिलची अक्कल कुठे वाया जात नाही बघ."

त्यानंतर दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीला मुरलेलेच बुश गेले.

पावसाळा सरता सरता डॉक्टरबाई परत आल्या. गाडी माणूस लंगडावा तशी चालत होती आणि खडखड पहिल्यापेक्षा जास्त. यांनी बोल्ट सोडले, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं तर बोटाला काळा, चिकट लगदा. ओल्या खजुरासारखा. कवचातून रबर फुगून दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं, तुटलं होतं. शेजाऱ्याची टॅक्सी वर उचलली, तिचीही तीच गत. हे एकदम तापले. "शेटने सडका माल दिला!" बाईंना तिथेच थांबायला सांगितलं, तो लगदा कागदात गुंडाळला आणि मला म्हणाले, "चल." कान लागणार होते ना.

स्नेहलतागंजातल्या दुकानात गर्दी होती. हे शेटजींच्या काउंटरवर कागद आपटून त्यांच्या नेहमीच्या वरच्या पट्टीत बोलू लागले. शेटजी म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी चिमटीत रबर घेतलं, चोळलं, नाकाशी धरलं आणि विचारलं, "इसको तेल में रखा था क्या?" मी ओठांनी यांना सांगितलं. हे ताठ झाले. छाती पुढे काढून म्हणाले, "हां, रखा था. महीनों रखा था." त्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो. दुकानातली माणसं आमच्याकडे वळली.

शेटजींनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत यांच्याकडे. मी का मध्ये बोलतेय ते त्यांना तेव्हा कळलं असावं. हळू आवाजात ते मलाच म्हणाले, "भाभीजी, चमड़ा तेल पीके पक्का होता है. रबर को तो तेल खा जाता है. इसीलिए तो साबुन का पानी बोला था." एवढं सांगून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. भला माणूस, त्यांनी यांना चारचौघांत एक शब्द जास्त ऐकवला नाही.

"काय म्हणतो?" यांनी मला विचारलं.

क्षणभर वाटलं, खोटंच सांगावं. माल खराब आला होता, बदलून देतो म्हणतात, असं सांगून यांना बाहेर न्यावं. पण मग डब्यात उरलेले बुश पुढच्या गाडीला गेले असते. कोणाची तरी गाडी भर रस्त्यात बसली असती. मी यांच्यासमोर नीट उभी राहिले आणि एकेक शब्द तोंडाने स्पष्ट करून सांगितलं. तेलाने रबर गळतं. कातडं वेगळं, रबर वेगळं. आपणच खराब केलं. यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी बोलायची थांबले तरी ते तिथेच राहिले. मग यांनी काउंटरवरचा कागद उचलला, नीट घडी केली, खिशात घातला आणि शेटजींना हात जोडले.

मिल बंद झाली तेव्हा यांच्यावर काही कोसळलं नव्हतं, ते त्या दिवशी कोसळलं. मिल दुसऱ्यांनी बंद केली होती. त्यात यांची चूक काढायला जागा नव्हती, आणि आपल्याला काम येतं हे तर कोणी नेलं नव्हतं. ते त्या दुकानात गेलं. आपल्याला येतं ते फाटकाच्या आतच खरं होतं, बाहेर ते उलटं पडतं, हे यांना माझ्या तोंडून कळलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

सगळ्या गाड्यांचे बुश यांनी पदरचं सामान घालून बदलून दिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "होतं हो जॉबरजी, असं मनावर घेऊ नका." त्या रागावल्या असत्या तर यांना सोसलं असतं. गाडी त्या पुढेही आणत राहिल्या, पण ओळखीतल्या दुसऱ्या कोणाची गाडी काही आली नाही. शेडचं नाव आम्ही दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर हे विचारू लागले. आधी मला वाटलं, तेवढ्यापुरतं असेल. पाइपचा तुकडा हातात धरून विचारायचे, "हा बसेल ना?" बोल्ट आवळून झाला की गाडीखालून तोंड काढून, "पुरे ना आता?" मला बोल्टातलं काय कळणार! मी पोलकी शिवणारी बाई. मी हो म्हणायचे. मग ते घरात आलं. बाजारातून आणलेली भाजी दाखवून, "बरी आहे ना?" सदऱ्याची बटणं लावून, "ठीक दिसतं ना?" ज्या माणसाने साचाखात्यात कधी मुकादमालाही विचारलं नव्हतं, तो दिवसभर माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारत राहायचा. बोल्टाबद्दल यांनी मला पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी मी मोरीत जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि रडले. नळ सोडायची गरज नव्हती, यांना ऐकू येणार नव्हतं. सवयीने सोडला.

काम पुढे बरीच वर्षं चाललं आणि चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. यांच्या हातून पुन्हा चूक झाली नाही. पण लोक शाबासकी देत तेव्हा हे माझ्याकडे बघायचे, खरं बोलतात का म्हणून. पुढे रस्त्यांवर नव्या छोट्या गाड्याच जास्त दिसू लागल्या. त्यांचा बुश कोणी बदलत नसे, अख्खा आर्मच काढून नवा लावत. टॅक्सी स्टँडवरच्या जुन्या गाड्या एकेक करून गेल्या. डॉक्टरबाईंनीही एक दिवस गाडी देऊन टाकली आणि आम्हाला पेढे पाठवले, का ते कळलं नाही. हे दिवसदिवस ओट्यावर बसू लागले.

अशातच मिलच्या आतलं सामान भंगारात काढल्याची बातमी आली. ठेकेदाराला साचे खोलायचे होते आणि ते कसे खोलतात हे जाणणारी माणसं हवी होती. त्याचा माणूस वस्तीत विचारत आला, तेव्हा सगळ्यांनी आमचंच दार दाखवलं. मला वाटलं, हे नाही म्हणतील. आपलेच साचे आपल्या हाताने कोण मोडेल? पण हे उठलेच.

रोज सकाळी दाढी करून जायचे. किती वर्षांनी फाटक उघडलं होतं! संध्याकाळी अंगाला ते जुनं तेल आणि धूळ लागलेली असायची. दोन भाकऱ्या जास्त खायचे आणि जेवताना सांगत राहायचे. कुठला नट कसा गंजला होता, ठेकेदाराची पोरं कशी अडली होती, यांनी एका झटक्यात कसा सोडवला. कुठला साचा कोणाच्या हाताखाली असायचा, त्याची खोड काय होती. एकही नट तोडला नाही, म्हणायचे. सगळे खोलून, पुसून, वेगळे ठेवतो. त्या दिवसांत यांनी मला काहीसुद्धा विचारलं नाही. भाजी आणली, ठेवली. सदरा घातला, निघाले. मी यांच्याकडे बघायचे आणि मला आनंद व्हायचा. खरंच व्हायचा. हा आनंद कशाचा आहे हे कळत होतं, तरी व्हायचा, आणि कामाला उशीर लागू दे, साचे संपू नयेत, असं मी देवाला म्हणायचे.

एका दुपारी हे लवकर परत आले. चपला काढून उंबऱ्याशी बसले. मी पाणी दिलं, ते बाजूला ठेवलं. ठेकेदाराने गॅसने कापणारी माणसं आणली होती. खोलायला वेळ लागतो, म्हणाला. भिया, गलना ही तो है सब, आप इत्ती मेहनत काहे को करते हो, असं हसत म्हणाला आणि यांना घरी पाठवलं. हे सगळं यांनीच मला सांगितलं. कोणाच्या ओठांवरून वाचलं असेल तेवढं.

"त्याला खोललेले नकोच होते," हे म्हणाले. "तोडलेले चालणार होते." मग माझ्याकडे वळले. "मग मी इतके दिवस एकेक नट सोडवत बसलो, ते चुकलं का गं?"

मी समोर बसले, यांना दिसेल असं, आणि म्हणाले, "नाही. बरोबर केलंत."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. यांना कळत होतं. माझं तोंड यांना घरातल्या भिंतीइतकं पाठ होतं. तरी हे माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि मी म्हणत राहिले, बरोबर केलंत, बरोबर केलंत. ऊन उंबऱ्यावरून सरकून गेलं तरी यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.